बाळाची भावली आणि सरकारची खरेदी

मराठवाड्यात अलीकडे बारशाला टेडी देण्याची रीत पडली आहे. बाळंतविड्यातली कुंची, दुपटे, टोपडे आणि आजीने शिवलेली गोधडी यांच्या शेजारी बाळाच्या दुप्पट उंचीचे, गुलाबी नाहीतर निळे, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले अस्वल येऊन बसते आणि पुष्कळ घरांत ते त्या प्लास्टिकमधून कधी बाहेरच निघत नाही. मळेल म्हणून ते शोकेसमध्ये किंवा लोखंडी कपाटावर जाते आणि लेकरू चालायला लागेपर्यंत त्यावर धुळीचा थर बसलेला असतो. देणाऱ्याने हौसेने दिलेले असते, घेणाऱ्यानेही प्रेमाने जपलेले असते. फक्त ज्याच्यासाठी ते आणले, त्या बाळाचा हात त्याला लागत नाही.

ही घरगुती गंमत म्हणून सोडून देता आली असती, पण आता तिला सार्वजनिक बाजू आली आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तीन वर्षांखालच्या मुलाकडे दीर्घकाळ मुख्यतः वजनकाटा, लस आणि आहाराचे पाकीट यांच्याच नजरेने पाहिले होते. त्या मुलाशी कोणी बोलते का, खेळते का, हा प्रश्न सरकारी कागदावर इतक्या ठळकपणे आला ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र आपल्याकडे कोणतेही धोरण जिल्ह्याला पोहोचता पोहोचता खरेदीचे रूप घेते. पाटी-पेन्सिलीचे झाले, गणवेशाचे झाले, तसेच खेळण्यांचेही होऊ शकते: मुंबईत निविदा, एकाच पुरवठादाराचे खोके, अंगणवाडीच्या कुलूपबंद कपाटात मोजून ठेवलेले संच आणि नोंदवहीत ‘वाटप पूर्ण’ अशी नोंद. माझे म्हणणे असे की, तान्ह्या मुलासाठी मऊ खेळण्याचा उपयोग नक्की आहे, पण ते खेळणे विकत घेऊन वाटण्याची वस्तू नव्हे; ते अंगणवाडीत आयांकडून शिवून घ्यावे आणि वाचलेला पैसा बाळापर्यंत पोहोचणाऱ्या माणसावर खर्च करावा.

मऊ खेळण्याचा उपयोग नेमका कोणता, हे आधी नीट पाहिले पाहिजे, कारण दुकानदार सांगतो तितका तो मोठा नाही आणि ‘एवढ्याशा लेकराला काय कळतंय’ म्हणणाऱ्यांना वाटतो तितका लहानही नाही. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढे. फिकट गुलाबी अस्वलापेक्षा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे आणि माणसाच्या चेहऱ्याकडे ते अधिक वेळ पाहते. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत खेळणे असले काय आणि नसले काय, आईचा चेहरा हेच खेळणे. दोन-तीन महिन्यांनंतर डोळ्यांसमोरून हळूहळू सरकवलेली वस्तू ते नजरेने धरून ठेवते; पाळण्यावर चिमणाळे बांधण्याची आपली जुनी पद्धत याच वयाला साजेशी आहे.

चौथ्या-पाचव्या महिन्यात मात्र मऊ खेळण्याचा खरा काळ सुरू होतो. बाळ हात पुढे करून वस्तू पकडू लागते, पण पकड कच्ची असते आणि नेम त्याहून कच्चा. हातातली वस्तू स्वतःच्याच तोंडावर आपटते. लाकडी खुळखुळा कपाळाला लागला की रडारड होते, चिंध्यांची भावली पडली तर होत नाही. हलक्या, बारीक हातापायांच्या भावलीला मूठ सहज बसते, आणि दुप्पट उंचीच्या टेडीला नेमके हेच साधत नाही. त्याला कुठून धरावे ते बाळाला सापडतच नाही. केज तालुक्यातल्या एका वस्तीवर सात महिन्यांचे एक लेकरू मी पाहिले. आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठापासून केलेल्या भावलीचा एक पाय त्याच्या तोंडात होता, दुसरा उजव्या मुठीत. तोंडातला पाय ओला झाला की तो बाहेर काढून ते त्याच्याकडे निरखून बघे, भावली डाव्या हातात घेई, आणि जरीचा काठ बोटांना खरखरीत लागला की तिथे थांबून पुन्हा पुन्हा चाचपे. एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू देणे हा सहा-सात महिन्यांचा मोठा पराक्रम असतो. बाळरोगतज्ज्ञ तपासणीच्या वेळी तो मुद्दाम पाहतात. आजी शेजारी तूर पाखडत बसली होती आणि मधूनच, ‘खा, खा तिचा पाय, आता ती रडंल बघ,’ असे म्हणत होती. बाळ तिच्याकडे बघून हुंकार देई आणि आजी त्या हुंकाराला उत्तर देई.

आठव्या-नवव्या महिन्यात भावली पदराखाली लपवली तर बाळ पदर ओढून शोधू लागते, कारण दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला या सुमारास उमगू लागते. वर्ष उलटल्यावर ते भावलीला घास भरवते, थोपटते, पुढे ‘आई कामाला गेली’ असे सांगू लागते. या वयात मुलगा भावली घेऊन बसला तर हसणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, कारण घास भरवण्याचे नाटक करताना भाषा आणि कल्पना या दोन्हींचा जो सराव होतो, तो मुलग्यालाही तितकाच लागतो. उलट कारण आणि परिणाम शिकायचा असेल, तर मऊ खेळण्यापेक्षा वाटी-चमचा कितीतरी सरस. आपटले की वाजते, पुन्हा आपटले की पुन्हा वाजते. भावलीला सगळे जमत नाही, हे मान्य करूनच तिचा पुरस्कार करावा.

मऊ खेळण्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दुसरा मुद्दा धीराचा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवर केलेले आणि १९५८ मध्ये मांडलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. तारेची एक ‘आई’ दूध देणारी, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला बहुतेक वेळ कापडाला बिलगून राहत. हा अर्धा भाग जाहिरातींना सोयीचा आहे. उरलेला अर्धा भाग असा की, नुसत्या कापडाच्या आईजवळ एकाकी वाढलेली ती पिल्ले मोठेपणी इतर माकडांत नीट मिसळू शकली नाहीत. कापडाने भीती शमवली, सोबत मात्र दिली नाही. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मुलांच्या आवडत्या पांघरुणाविषयी आणि बाहुलीविषयी लिहिले, तेही आईपासून हळूहळू वेगळे होण्याच्या वाटेवरचा आधार म्हणून. आईच्या जागी आलेली वस्तू म्हणून नव्हे. शिवाय जिथे मुले वेगळ्या खोलीत झोपतात तिथे अशा वस्तूचा लळा जास्त लागतो आणि आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलांना तो कमी लागतो, असे निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांत दिसले आहे. आपल्याकडे बाळ आईच्या अंगावर, गोधडीत, पदराचे टोक मुठीत धरून झोपते. त्याला ‘सुरक्षिततेच्या भावनेसाठी’ हजार रुपयांचे अस्वल लागते, हे पटण्यासारखे नाही.

मग खेळण्याने विकास होतो याला पुरावा काय? जगभर ज्याचा आधार घेतला जातो तो पुरावा जमैकातील आहे. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ मुले निवडली. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर खेळाची भेट, काहींना दोन्ही, काहींना यातले काहीच नाही, अशी विभागणी करून हे काम दोन वर्षे चालवले. भेटीला जाणाऱ्या बाया डॉक्टर नव्हत्या की मानसशास्त्रज्ञही नव्हत्या. स्थानिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्या होत्या. खेळणी टाकाऊ वस्तूंतून हाताने केलेली. बाई ती घेऊन येई, आईला आणि मुलाला सोबत घेऊन खेळे, आठवडाभर खेळणे घरात ठेवून जाई आणि पुढच्या वेळी बदलून देई. वीस वर्षांनंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या घरी खेळाची भेट झाली होती त्यांची कमाई तशी भेट न झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. ज्या महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली, त्या राज्याने हा आकडा बाजूला सारू नये. पण तो नीट वाचावा. तिथे खेळणे हे भेटीचे निमित्त होते. नुसती खेळणी टपालाने घरोघर पाठवली असती तर काय झाले असते, हे तिथे कोणी तपासले नाही, आणि ते तपासण्यासारखे कोणाला वाटलेही नसावे.

बॅटरीवर चालणारे, पोट दाबले की इंग्रजी गाणे म्हणणारे टेडी आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात, म्हणून आणखी एका अभ्यासाचा उल्लेख करतो. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातील ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांची मुले आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातले बोलणे ध्वनिमुद्रित केले. बोलक्या इलेक्ट्रॉनिक खेळण्याशी खेळताना पालक कमी शब्द बोलले आणि मुलाचा हुंकार व पालकाचे उत्तर यांची देवाणघेवाण कमी झाली. चित्रांची पुस्तके हातात असताना पालक सर्वांत जास्त शब्द बोलले. खेळणे बोलू लागले की घरातली माणसे गप्प बसतात, असा याचा सरळ अर्थ. केजच्या आजीच्या भावलीला आवाज नव्हता म्हणूनच आजीला बोलावे लागत होते. मोबाइलबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. एक वर्षाखालच्या मुलाला पडदा अजिबात नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात, पण आडपडदा न ठेवता सांगायला हवा. पहिल्या वर्षात बाळाच्या झोपेच्या जागी मऊ खेळणे, उशी, सैल पांघरूण ठेवू नये, कारण नाकातोंडावर आलेली वस्तू बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते. आपल्या लुगड्याच्या झोळीत तर हा धोका अधिक, कारण झोळीच्या दोन्ही कडा आत झुकलेल्या असतात आणि आत टाकलेली भावली घरंगळत चेहऱ्याकडेच येते. जागेपणी, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर खेळणे द्यावे आणि झोप लागली की काढून घ्यावे. मणी, बटणे, प्लास्टिकचे डोळे, चकचकीत टिकल्या नकोत. डोळे दोऱ्याने काढावेत. नाण्याएवढ्या गोल बॅटरीचे खेळणे लहान मुलाच्या घरात आणूच नये, ती गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत जळते. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आठवडी बाजारात बिनचिन्हाचे खेळणे दिसले तर ते स्वस्त का आहे, हे विचारायला हरकत नाही.

हाच नियम माझ्या मूळ प्रस्तावाच्या आड येईल असे वाटू शकते. बचत गटांनी भावल्या शिवून अंगणवाड्यांना विकाव्यात, अशी सूचना मराठवाड्यात कोणी ना कोणी करतेच आणि ती ऐकायला गोडही वाटते. कापूस आपला, जिनिंग आपले, शिवणकाम येणाऱ्या बाया आपल्या. असे असताना परदेशी धाग्याने भरलेले अस्वल कशाला? परंतु विक्री म्हटली की प्रमाणपत्र आले, प्रयोगशाळेची तपासणी आली आणि तिचा खर्च आला. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या नियमातून सूट आहे खरी. तांड्यांवर काच-कवड्यांचे भरतकाम करणाऱ्या बंजारा स्त्रियांना तिचा लाभ घेता येईल, फक्त त्या काचा आणि कवड्या तान्ह्या मुलाच्या भावलीवर नकोत. सरसकट सगळ्या गटांना मात्र या वाटेला लावले तर चार महिन्यांत काम बंद पडेल आणि खापर बायांवर फुटेल. म्हणून मी विक्रीचे बोलत नाही, शिवण्याचे बोलतो. अंगणवाडीत दर महिन्याला माता बैठक होते. त्यातल्या एका बैठकीत प्रत्येक गरोदर बाईने, किंवा तिच्या सासूने, स्वतःच्या घरातले धुतलेले जुने सुती कापड आणावे आणि ताईंनी दाखवलेल्या मापाने भावली शिवावी. वितभर लांबी, बोटभर जाडीचे हातपाय, दुहेरी शिवण, काळ्या दोऱ्याचे डोळे आणि तोंड. आत पिंजलेला कापूस भरला तर तो धुतल्यावर गोळा होतो आणि लवकर वाळत नाही, म्हणून एका बाजूची शिवण उसवून कापूस काढता येईल, वेगळा उन्हात टाकता येईल अशी ठेवावी. किंवा नुसत्या चिंध्याच भराव्यात, त्या पटकन वाळतात. याला दोरा आणि सुई सोडून खर्च नाही. स्वतःच्या लेकरासाठी केलेल्या वस्तूला निविदा लागत नाही आणि ती मळेल म्हणून कोणी कपाटावरही ठेवत नाही. शिवताना ताईंना जे सांगायचे आहे, म्हणजे कोणत्या महिन्यात भावली कशी दाखवायची, कधी लपवायची, झोपताना का काढायची, ते चारचौघींत सहज सांगून होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, बिया, शिंपले यांवर बालशिक्षण उभे केले ते या राज्यातच. तिथले साहित्य समुद्रकाठचे होते, आपल्याकडे चिंध्या आहेत.

यावर अंगणवाडी सेविकांचा आक्षेप येईल आणि तो मला पूर्ण मान्य आहे. लसीकरण, वजन-उंची, आहाराचे वाटप, पोषण ट्रॅकरवर रोजची नोंद, त्यातच निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. हे सारे करून बाई घरोघर खेळायला कधी जाणार? डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी आणि इतर मागण्यांसाठी राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला, तो जानेवारीतही चालला. त्यांच्यावर ‘उद्दीपन’ (म्हणजे बोलून-खेळून बाळाच्या वाढीला चालना देणे) नावाचे आणखी एक काम बिनमोल टाकले तर नोंद होईल, खेळ होणार नाही. म्हणूनच खेळणी-संचावर जाणारा पैसा गृहभेटीच्या मोबदल्याकडे आणि मदतनिसांची रिक्त पदे भरण्याकडे वळवा, असे म्हणतो. पहिल्या बाळंतपणानंतर मातेला बेबी केअर किट देण्याची योजना राज्यात आहेच. त्या पिशवीत खेळणे कोणते घालावे यापेक्षा पिशवी हातात देताना आईजवळ दहा मिनिटे कोण बसते, याची चौकशी मला महत्त्वाची वाटते.

आता मराठवाड्याचा खास प्रश्न. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर अंगावर पिणारे लेकरू. लहान मुलांच्या गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी यायचे असते. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने ठरलेल्या या पाच भेटींपैकी किमान एक, बहुधा दोन, ऊसतोड कुटुंबाच्या बाळाला मिळतच नाहीत, कारण त्या वेळी ते गावात नसते; ते फडाच्या, म्हणजे तोड चाललेल्या उसाच्या शेताच्या, कडेला पाचटावर, नाहीतर टायरगाडीला बांधलेल्या झोळीत असते. ज्या वयात हुंकाराला उत्तर मिळायला हवे त्याच वयात त्याची आई पहाटेपासून उसात वाकलेली असते, आणि कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, त्याला सांभाळते ती आठ-नऊ वर्षांची बहीण, जिची शाळा त्यासाठी सुटलेली असते. चिंध्यांची भावली बोचक्यात घालून तिथपर्यंत नेता येते, हा तिचा गुण आहे, आणि त्या बहिणीला चार खेळ शिकवून पाठवले तर ती ते खेळतेही. पण एवढ्यावर समाधान मानले तर मोठीचे बालपण खर्चून धाकट्याचे उद्दीपन केल्यासारखे होईल. फडाजवळ पाळणाघर पाहिजे, तिथे पगारी बाई पाहिजे, आणि तिच्याजवळ अशा पंधरा-वीस भावल्या, वाट्या, खुळखुळे पाहिजेत.

हे आवाक्याबाहेरचे नाही. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पाळणा’ योजना केंद्राच्या मिशन शक्तीत आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्यात आहे, आणि प्रत्येक साखर कारखान्याला हंगाम सुरू करण्यापूर्वी गाळप परवाना घ्यावाच लागतो. किती कोयते आणणार, त्यांच्याबरोबर तीन वर्षांखालची किती मुले येणार आणि त्यांच्यासाठी कोणत्या फडाजवळ पाळणाघर उघडणार, याची यादी त्या अर्जाला जोडल्याशिवाय परवाना देऊ नये. ज्या गावातून मूल निघाले तिथल्या अंगणवाडीने त्याचे नाव आणि लसीकरणाचे कार्ड कारखान्याकडे पाठवावे, आणि राहून गेलेली भेट कारखान्याच्या हद्दीतल्या आशाताईंनी करावी. तिचा मोबदला महामंडळाने द्यावा.